जनरल साहेबांना पण मत मागावं लागतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधी एका भावानं लिहिलं होतं की ह्या पुढाऱ्यांचा आता वीट आलाय, पाच-दहा वर्षं देश मिलिटरीच्या हातात देऊन टाका, एखादा जनरल खुर्चीवर बसवा आणि मग बघा रस्ते, शाळा, दवाखाने सगळं कसं लायनीत येतंय. त्या भावाचा राग खरा आहे हे मला कळतंय, कारण हेच बोलणं मी आमच्या गावच्या पारावर, स्टँडजवळच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात कमीत कमी शंभर वेळा ऐकलंय. मी फौजी आहे हे कळलं की लोक कौतुकानंच म्हणतात, काका तुम्हीच चालवायला पायजे देश. ते ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी मला आत कुठंतरी टोचतं, आणि का टोचतं ते पारावर बोलून सांगायला जमत नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांब होईल, काटछाट करायची तर करा पण मधलं, उत्तराखंडचे मुख्यमंत्री झालेल्या जनरल खंडूरींचं तेवढं ठेवा.

मी तुळजापूर तालुक्यातला. खडकीला भरती झालो, बॉम्बे सॅपर्समधी २२ वर्षं काढली आणि हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलो. सॅपर म्हंजे काय हे इकडं बऱ्याच जणांना माहीत नसतं, फौजी म्हणलं की लोकांना बंदूकच दिसते. आमचं काम म्हंजे रस्ता खोलायचा, पूल टाकायचा, सुरुंग पेरायचे आणि काढायचे, पाण्याची सोय करायची, आणि वेळ पडली की बंदूक बी चालवायची. सॅपरला कुणी शाबासकी द्यायला येत नाही, पलटण येऊन उभी राहते आणि एकच विचारते, रस्ता कधी खुलणार? त्याला टाईम सांगावा लागतो, आणि सांगितलेला पाळावा लागतो.

आता आधी त्या भावाला एवढंच सांगायचंय की जनरलचं राज्य आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. आपण ते बघितलेलं आहे, म्हंजे आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलंय. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडनं फौज आली ती आमच्याच तालुक्यातनं, नळदुर्गावरनं. बोरी नदीवरचा पूल रझाकारांनी उडवायच्या आत ताब्यात घ्यायचा होता आणि तो घेतला, नाहीतर रणगाडे अलीकडंच अडकून पडले असते. आमचे आबा तवा पोरसवदा होते, ते सांगायचे की रोडला गाड्यांची रांग संपतच नव्हती आणि बाया रडत होत्या, भीतीनं का आनंदानं ते त्यांना तवा कळलं नाही. पाच दिवसात निजामाचं सरकार पडलं, १८ तारखेला निजामाच्या फौजेच्या प्रमुखानं, जनरल एल एद्रूसनं, मेजर जनरल जयंतो नाथ चौधरींपुढं शरणागती पत्करली, आणि तेच चौधरी साहेब हैदराबाद राज्याचे लष्करी गव्हर्नर झाले. १९४९ सरेपर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद ह्या आपल्या पाचही जिल्ह्यांवर जनरलचं राज्य होतं.

त्या राज्यात चांगलं झालंच. रझाकार गेले, ऑगस्ट १९४९ मधी जहागिरी संपवायचा हुकूम निघाला, जे काम मत मागणाऱ्या सरकारला दहा वर्षं लागली असती ते एका सहीनं झालं. पण त्याच दिवसात आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, नांदेडला, तिकडं बिदर-गुलबर्ग्याला मुसलमानांचं जे रक्त सांडलं त्याची गोष्ट १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला कुणी काढत नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची कमिटी पाठवली होती, तिनं सगळ्या राज्यात मिळून २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज काढला, सगळ्यात वाईट झालेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद धरलं, आणि तो अहवाल कित्येक वर्षं दाबून राहिला. आमचे आबा शेजारच्या गावच्या एका विहिरीजवळनं जाताना कायम गप होऊन चालायचे, का ते मला मोठा झाल्यावर कळलं. आता मी चौधरी साहेबांना दोष द्यायला हे लिहीत नाही, ते पुढं लष्करप्रमुख झाले, १९६५ ची लढाई त्यांच्याच वेळची, मोठा माणूस. मला एवढंच म्हणायचंय की तवा विचारायचं कुणाला? गव्हर्नरला आमदार नव्हता प्रश्न विचारायला, निवडणूक नव्हती पाडायला. १९५२ ला पहिल्यांदा मत टाकलं तवा कुठं हैदराबाद राज्यात आपण निवडलेलं सरकार आलं. म्हणून मला जनरलचं राज्य नको, जनरल राजकारणात आला तर चालंल, पण मत मागून यावा. ह्या दोन्हीतला फरक ज्या माणसाच्या आयुष्यात मला सगळ्यात साफ दिसतो ते मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरी, आणि ते बी सॅपरच.

मी त्यांना कधी भेटलो नाही, मी भरती होऊन काही वर्षंच झाली होती तवा ते रिटायर झाले, पण इंजिनियर कोरमधी नाव सगळ्यांना माहीत. जन्म १ ऑक्टोबर १९३४, डेहराडूनचा, घराणं पौडी गढवालचं. १९५४ ला इंजिनियर कोरमधी कमिशन मिळालं, आपल्या पुण्याच्या सीएमईत, म्हंजे मिलिटरी इंजिनियरिंगच्या कॉलेजात, शिकून गेलेले, १९७१ च्या लढाईत इंजिनियर रेजिमेंटचे कमांडर, पुढं मेजर जनरल, अतिविशिष्ट सेवा मेडल. ३६ वर्षांची नोकरी. गढवाल म्हंजे असा मुलूख आहे की तिथं घरटी एक फौजी, लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं सेंटर, डोंगरात शेती थोडी आणि पोस्टाच्या मनीऑर्डरवर गावं जगलेली. आपल्याकडं साताऱ्याला अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे ना, तसं तिकडं प्रत्येक खोऱ्यात. मराठवाड्यात तसं नाही, आमच्या गावात मी धरून चार पेन्शनर. त्यामुळं गढवालात रिटायर जनरल मत मागायला दारात आला तर लोक त्याला देवासारखं बघत नाहीत, आमच्या पोराची पोस्टिंग कुठं आहे आणि विधवा पेन्शन का अडकली ते विचारतात. हे लै महत्त्वाचं आहे. तिथं वर्दीचं अप्रूप नाही म्हणून वर्दीच्या जोरावर मत मिळत नाही.

१९९१ ला ते गढवालमधनं भाजपकडनं लोकसभेला निवडून आले. १९९६ ला पडले. ५ वर्षं खासदार राहून, जनरल असून, लोकांनी घरी बसवलं. मग १९९८, १९९९, २००४ ला परत निवडून आले. त्या १९९६ बद्दल मला कायम वाटतं की ज्या माणसानं ३६ वर्षं फक्त वरच्याचा हुकूम घेतला आणि खालच्याला दिला, त्याला पहिल्यांदा खालच्यानं नको म्हणलं असंल तर ती रात्र कशी गेली असंल. काही जण तिथंच राजकारण सोडतात. फील्ड मार्शल करिअप्पा साहेब १९७१ ला मुंबईतनं लोकसभेला उभे राहिले आणि पडले, देशाचे पहिले हिंदुस्थानी सेनापती, लोकांनी मान दिला पण मत दिलं नाही. खंडूरी पडले आणि दोन वर्षांनी परत त्याच लोकांपुढं गेले.

नोव्हेंबर २००० मधी वाजपेयींनी त्यांना रस्ते खात्याचा स्वतंत्र कारभार असलेला राज्यमंत्री केलं, २००३ ला कॅबिनेट. दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, ५,८४६ किलोमीटर, आणि त्याच्या जोडीला काश्मीर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिलचर असे दोन आडवे-उभे कॉरिडॉर, सात हजार किलोमीटरच्या वर. पैसा कुठनं आला तर पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं एक रुपया सेस, म्हंजे जादा कर, त्यासाठी २००० चा कायदा, आणि त्या डिझेलच्या सेसमधला अर्धा वाटा खेड्यातल्या रस्त्यांना. म्हंजे आमच्या ट्रॅक्टरच्या टाकीतला रुपया बी त्यात आहे. सॅपरच्या हातात सगळ्यात मोठं रस्त्याचं काम आलं, ह्याचं मला त्या वेळेस युनिटमधी बसून लै भारी वाटायचं.

आणि इथंच मराठवाड्याचा माणूस म्हणून माझी तक्रार पण आहे, ती मी लपवत नाही. तो चतुष्कोन महाराष्ट्रात आला तो मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर करून बेळगावकडं गेला. उत्तर-दक्षिण कॉरिडॉर नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा करून आदिलाबादला उतरला. आपल्या एकाही जिल्ह्याला तो शिवला नाही. आमच्या दारातला सोलापूर-धुळे रोड, तवाचा २११ नंबर, आता त्याला ५२ म्हणतात, तो दोन पदरीच राहिला, दोन पदरी म्हणायचं म्हणून, साईडपट्टी खचलेली, ट्रक समोरनं आला की चाक खाली उतरवायचं. कोजागिरीला सोलापूरकडनं लाखानी माणसं रात्रभर चालत आईच्या दर्शनाला येतात, त्याच रोडवरनं, बाया-लेकरं घेऊन, आणि बाजूनं ट्रक. माझ्या चुलत्याला असंच रात्री जीपमधी घालून सोलापूरला नेलं, ४५ किलोमीटरला दोन तासाच्या वर लागले, दवाखान्याच्या दारात गेला तवा उशीर झालेला होता. मी तवा सुट्टीवर होतो, मीच गाडीत मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडाकडं बघायचो. चौपदरी व्हायला पुढं दहा-पंधरा वर्षं गेली. देशातला सगळ्यात मोठा रस्त्यांचा कार्यक्रम आपल्याला वळसा घालून गेला, ह्याचं कारण खंडूरी नाहीत, चार महानगरं जोडायची म्हणली की मधले गरीब जिल्हे सुटतातच, पण जाब कुणी विचारायचा होता? आपण निवडून दिलेल्या खासदारांनी. त्यांच्यापैकी कुणी संसदेत उभं राहून विचारलं असतं तर त्या जनरल साहेबांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं. म्हंजे मंत्री कितीबी चांगला असू द्या, दाराशी जाऊन विचारणारा आपला माणूस नसंल तर रस्ता येत नाही.

दुसरी गोष्ट ह्याच्यापेक्षा जड आहे. सत्येंद्र दुबे नावाचा इंजिनियर, आयआयटी कानपूरचा, त्याच चतुष्कोनाच्या कामावर झारखंड-बिहारच्या पट्ट्यात होता. कामात काय काय लुबाडणूक चाललीय ते त्यानं २००२ ला थेट पंतप्रधानांच्या ऑफिसला लिहून कळवलं आणि माझं नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. पत्र नावासकट फिरलं, ह्या ऑफिसातनं त्या खात्यात. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेला त्याला गोळी घालून मारलं. तिशीतला पोरगा. सीबीआयनं तपास करून लुटालुटीचा गुन्हा म्हणून लावला आणि २०१० ला तिघांना शिक्षा झाली, पण नाव उघडं करणाऱ्या टेबलांना काय झालं? खातं जनरल साहेबांचं होतं. मी त्यांचा कितीबी भक्त असलो तरी हे मला त्यांच्या हिशोबातनं वगळता येत नाही.

ह्याच्यासाठी मला आमच्या कामातलं एक सांगावं लागंल. आम्ही बेली ब्रिज, म्हंजे लोखंडी पॅनल पिनांनी जोडून उभा करायचा पूल, टाकला की त्याच्या दोन्ही तोंडाला एक पिवळा गोल बोर्ड लावायचो, त्यावर काळा आकडा, तो पूल किती क्लासचा लोड घेईल त्याचा. तो आकडा बघून ट्रकवाला, रणगाडेवाला पुलावर चाक घालतो. तो पूल मोजत बसत नाही, पॅनलची पिन बसली का नाही बघत नाही, त्याचा भरवसा त्या आकड्यावर. आमचे उस्ताद सांगायचे, पूल कमी ताकदीचा झाला तर चालंल, बोर्ड खोटा चालणार नाही. सत्येंद्र दुबेनं दुसरं काय केलं, तर बोर्डावरचा आकडा खोटा आहे एवढंच सांगितलं. आणि आपण त्याला वाचवू शकलो नाही.

मला वाटतं ते जनरल साहेबांच्या मनात राहिलं असावं, हा माझा अंदाज, पण पुढं त्यांनी जे केलं ते बघून तसं वाटतं. २००७ च्या मार्चमधी ते उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. आमदार नव्हते म्हणून धुमाकोटची जागा काँग्रेसच्या लेफ्टनंट जनरल तेजपाल सिंह रावत यांनी सोडली, एका जनरलनं दुसऱ्यासाठी खंदक रिकामा केला असं झालं. कडक कारभार, वेळेवर ऑफिस, बदल्यांच्या चिठ्ठ्या बंद, आणि व्हायचं तेच झालं, स्वतःच्याच पक्षातले आमदार नाराज. २००९ च्या लोकसभेला राज्यातल्या पाचच्या पाच जागा गेल्या आणि त्यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पारावरचे लोक म्हणतात ना जनरल बसवा सगळे सरळ होतील, तर बसवला होता की, आणि आमदार सरळ झाले नाहीत, जनरललाच जावं लागलं. आमदाराला कोर्ट मार्शल करता येत नाही. त्याला समजवावं लागतं, त्याच्या तालुक्याचं काम करावं लागतं, कधी त्याच्यापुढं हरावं लागतं. हे जनरल साहेबांना कमी जमलं असं मला वाटतं, आणि फौजेतनं आलेल्या प्रत्येकालाच ते अवघड जातं, मला स्वतःला सोसायटीच्या संचालक मंडळात एक वर्ष काढायला जमलं नाही.

सप्टेंबर २०११ मधी पक्षाला निवडणुकीच्या तोंडावर परत त्यांचीच आठवण झाली. सहा महिने पण हातात नव्हते. तेवढ्या वेळात त्यांनी १ नोव्हेंबर २०११ ला लोकायुक्ताचा कायदा विधानसभेत मंजूर करून घेतला आणि त्यात मुख्यमंत्र्याला घातलं. स्वतःला घातलं. आपल्या शेजारच्या राळेगणच्या अण्णांनी, ते बी लष्करात ट्रक चालवलेले, त्या कायद्याचं कौतुक केलं होतं. मुख्यमंत्र्यावर कारवाई करायची तर लोकायुक्ताच्या सगळ्या सदस्यांचं एकमत पायजे अशी अट होती, त्यावर टीका झाली आणि ती मला पटते, एकमत म्हंजे कुलूप लावून किल्ली फेकून दिल्यासारखंच. तरी पण ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं स्वतःच्या पुलावर स्वतःच बोर्ड लावायला सुरुवात केली, हे आपल्याकडं किती वेळा घडलंय सांगा.

मग जानेवारी २०१२ ची निवडणूक. "खंडूरी है जरूरी" अशी घोषणा सगळ्या राज्यात. ६ मार्चला निकाल लागला, ७० पैकी काँग्रेस ३२, भाजप ३१, आणि ज्यांच्या नावावर पक्ष ३१ पर्यंत गेला ते खंडूरी स्वतः कोटद्वारमधनं पडले. एका जागेनं सरकार गेलं आणि ती एक जागा त्यांचीच म्हणायची. मुख्यमंत्री कोण झाले तर विजय बहुगुणा, हेमवतीनंदन बहुगुणांचे चिरंजीव, म्हंजे खंडूरींचे सख्खे मामेभाऊ. आणि तो लोकायुक्त कायदा पुढं त्या सरकारनं बाजूला सारला, दुसरा आणला, आणि राज्य लोकायुक्ताविनाच राहिलं. आमच्या इकडं भाऊबंदकीत बांध कोरतात, तिकडं कायदा कोरला गेला.

एवढं झाल्यावर माणूस घरी बसला असता. २०१४ ला ८० वर्षाला आलेले, परत गढवालमधनं लोकसभेला निवडून आले. मंत्रिपद मिळालं नाही, संसदेच्या संरक्षण समितीचं अध्यक्षपद मिळालं. आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हे, ज्याचा फोटो नाही, फीत कापली नाही, जे इकडं कुणाला माहीत बी नाही. मार्च २०१८ मधी त्या समितीचा अहवाल संसदेत आला. त्यात लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढं दिलेली साक्ष जशीच्या तशी होती, की लष्कराकडचं ६८ टक्के सामान जुनं झालेलं आहे, २४ टक्के आजच्या काळाचं आणि एकदम नवीन म्हणावं असं फक्त ८ टक्के, बजेटनं आमची निराशा केली. सरकार कुणाचं? त्यांच्याच पक्षाचं. अध्यक्ष कोण? त्याच पक्षाचा खासदार, ८३ वर्षांचा. त्यांना ते मऊ करून लिहिता आलं असतं, समिती म्हणलं की शंभर पळवाटा असतात. त्यांनी बोर्डावर ६८ लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्षपद त्यांच्याकडनं गेलं, दुसरे आले. अहवालामुळं काढलं असं विरोधक म्हणाले, पक्षानं तसं म्हणलं नाही, मला आतलं माहीत नाही आणि त्यात मला पडायचं बी नाही. मी जो आहे तो त्या ६८ टक्क्यातलं सामान हातात धरून २२ वर्षं काम केलेला माणूस आहे. गाडी स्टार्ट होईना म्हणून पहाटे थंडीत ढकलली आहे. कुणीतरी संसदेच्या कागदावर ते लिहिलं, आणि लिहिणारा आमच्यातला होता, हे वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि बायकोला पण सांगता आलं नाही काय झालं म्हणून.

सगळ्याच फौजी नेत्यांना मी ह्या मापानं बघतो. बांगलादेशच्या लढाईतले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, ढाक्याच्या शरणागतीच्या फोटोत सही घेत बसलेले, ते १९८६ ला अकाली दलाकडनं राज्यसभेत गेले, त्यांनी १९८४ च्या दंग्यातल्या लोकांसाठी आवाज उठवला, जिंकलेल्या लढाईवर जगले नाहीत. त्यामुळं मला वर्दीचा फोटो बॅनरवर लावून फिरणाऱ्यांचं काही वाटत नाही, मी बघतो की ह्यानं निवडून आल्यावर कुणाला प्रश्न विचारला आणि स्वतःला कुणाला विचारू दिला.

संपादक साहेब, हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की आमच्या गावातला एक पोरगा, पोरगा म्हंजे ४२ वर्षांचा, नायक म्हणून दोन वर्षांमागं रिटायर झालेला, ग्रामपंचायतीला उभा राहायचं म्हणतोय. गावातली चार पोरं त्याच्या मागं आहेत, आणि ती त्याला सांगायलेत की तू हात जोडू नको, तू फौजी आहेस, कडक राहा, लोकांना तेच आवडतं. तो माझ्याकडं विचारायला आला होता. मी त्याला हीच जनरल साहेबांची गोष्ट सांगितली, १९९६ ला पडलेली सांगितली, कोटद्वारची सांगितली, पिवळ्या बोर्डाची तर त्याला मुद्दाम सांगितली कारण तो इन्फंट्रीचा, त्यानं ते बोर्ड फक्त पुलाच्या अलीकडनं बघितलेले. तो गप ऐकत बसला होता, त्याला पटलं का नाही मला कळलं नाही.

परवा सांजच्याला वरच्या आळीला गेलो तर तो एका म्हातारीच्या ओट्यावर बसलेला. ती त्याला झापत होती की आमच्या गल्लीतली मोरी तीन पावसाळ्यांपासून तुंबलीय, मागच्याला मत दिलं त्यानं नुसता फोटो काढला, आता तुला दिलं तर तू कधी काढणार ते सांग. मागची पोरं जरा चुळबूळ करायली होती. तो खिशातली डायरी काढून लिहीत होता, मग म्हणाला, मावशी, आधी वाकून बघतो पाईप किती इंची आहे, मग तारीख सांगतो, आत्ता खोटी सांगत नाही. आणि चपला काढून तिथंच नालीत उतरला.

आपला,
एक माजी सॅपर
ता. तुळजापूर, जि. धाराशिव